चाळिसावी वही

मला अर्धवट सोडलेलं काही चालत नाही. गणित शिकवते म्हणून असं नव्हे, मुळातच स्वभाव तसा. फळ्यावरचं उदाहरण तास संपला म्हणून कुणी मध्येच पुसलं, तर माझ्या डोक्यात तिडीक जाते. बीडमधल्या ज्या क्लासमध्ये मी शिकवते, तिथली मुलं माझ्यामागे मला काय म्हणतात हेही मला ठाऊक आहे आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या लॅपटॉपवर एक खेळ आहे. त्यात लपवलेल्या चाळीस वह्या शोधायच्या असतात. माझ्या यादीत एकोणचाळीस भरल्या आहेत, आणि त्या एकोणचाळीसचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या एमेस्सीच्या मार्कांचाही नाही.

खेळ साधा आहे. मारामारी नाही, बंदुका नाहीत. डोंगरात एक ओस पडलेलं हवामान केंद्र असतं. तिथं एक बाई एकटी राहून वारा, पाऊस, धुकं यांच्या नोंदी ठेवायची. पुढे ती निघून गेली, आणि जाण्याआधी नोंदींच्या लाल वह्या तिनं डोंगरभर लपवून ठेवल्या. आपण हिंडायचं आणि त्या हुडकायच्या. सापडली की वही उघडते, पानभर वाचायला मिळतं आणि यादीतला एक चौकोन लाल होतो. खेळ एवढाच.

तो मला सांगितला आमच्या क्लासमधल्या फिजिक्सच्या सरांनी. त्यांनी चाळीसच्या चाळीस वह्या आठवड्यात शोधल्या होत्या. शोधल्या म्हणजे काय, तर इंटरनेटवरचे व्हिडिओ बघायचे, कुठल्या दगडाखाली काय आहे ते पाहायचं आणि जाऊन उचलायचं. मी म्हटलं, हे तर गाईडमधून उत्तर उतरवणं झालं. ते हसले आणि म्हणाले, मॅडम, व्हिडिओ न बघता पंचविसाच्या पुढे गेलात तर चहा माझ्याकडून. तेवढं मला पुरलं. मी त्याच दिवशी ठरवलं की एकाही व्हिडिओला हात लावायचा नाही आणि चाळीस पूर्ण करून सरांच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवायचा.

सकाळची बॅच अकराला सुटते, संध्याकाळची पाचला भरते. मधली दुपार माझी. त्या दुपारांत मी एकटीनं सव्वीस वह्या काढल्या. सरांचा चहाही प्याले. मग मात्र गाडी अडकली. महिना गेला, दीड महिना गेला, सत्ताविसावी काही सापडेना. प्रत्येक कडा, प्रत्येक झोपडी बघून झाली होती. मी लॅपटॉप आपटून बंद करायचे आणि संध्याकाळच्या बॅचला त्याचा प्रसाद मिळायचा.

त्याच सुमाराला माय माझ्याकडे राहायला आली. आली म्हणजे आणली.

आमचं गाव पालीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. शेत आहे, ते दादा बघतो. पण डोंगर मायचा. डोंगरावरची सीताफळं रानची, कुणी लावलेली नाहीत. तरी कुठल्या बाईनं कुठल्या अंगाची झाडं तोडायची हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. गणपती उठले की माय पाटी आणि आकडी घेऊन वर जायची ती दिवाळीपर्यंत. आकडी म्हणजे बांबूच्या टोकाला लोखंडी आकडा. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या दिसायला लागल्या, की ते तोडायचं, त्याआधी हात लावायचा नाही. चाळीस वर्षं तिनं हे केलं. माझी वह्यापुस्तकं, माझं बीडचं होस्टेल, सगळं त्या डोंगरावरनं खाली आलेलं आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी तिचा पाय घसरला आणि घोटा मोडला. दवाखान्यात तपासताना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. घोटा जुळला, डोळ्यांची ऑपरेशनंही झाली, नवा चष्मा आला. मग दादानं सांगितलं की आता डोंगर बंद. तो चांगल्या मनानं बोलला होता. पण माय त्याला एका शब्दानं उलटून बोलली नाही, आणि तिथंच मी घाबरले. माझ्या नाकावरचा राग कुणाकडून आला हे आमच्या गावाला चांगलं माहीत आहे.

येताना तिनं कपड्यांची एक पिशवी आणली आणि आकडी आणली. माझ्या दोन खोल्यांत ती उभी मावेना. शेवटी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरकी ठेवावी लागली. आकडीनं माय गॅलरीतल्या उंच तारेवरचे कपडे काढायची. बाकी दिवसभर खाटेवर बसून राहायची. डॉक्टर म्हणत होते नजर स्वच्छ आहे, पण तिचा डोळ्यांवर विश्वासच उरला नव्हता. तांदूळ निवडताना खडा बघायची नाही, बोटांनी चाचपडायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "माझं झालं आता. नजर गेली की डोंगरवाल्या बाईचं काय ऱ्हातं?" मी तिला खूप समजावलं, थोडं रागावलेसुद्धा. ती नुसतं ऐकून घ्यायची. माझी आई माझ्या डोळ्यांदेखत खाटेत मुरत चालली होती आणि मला काही करता येत नव्हतं.

खेळ ती बघायची कारण माझ्या घरात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. सुरुवातीला तिला वाटलं मी कुठल्यातरी परीक्षेचा अभ्यास करते. मग तिला त्या बाईची गोष्ट समजली. सापडलेल्या वह्या मी तिला मराठीत सांगितल्या. आज वारा पश्चिमेचा, आज धुकं दुपारपर्यंत, आज शेळी वाट चुकून दारात आली. मायला ती बाई पसंत पडली. एकटी राहून रोजचं काम रोज करणारी बाई तिला पसंत पडणारच होती.

एक दिवस मी नेहमीसारखी कड्यापर्यंत चढून गेले, काही सापडलं नाही, तेव्हा नकाशा उघडला आणि बटण दाबून एका झटक्यात केंद्राच्या दाराशी परत आले. खेळात ती सोय असते. माय एकदम पुढे सरकून बसली.

"तू जातीस, पर येतीस कवा?"

मी म्हटलं, ही काय, आलेच की. ती म्हणाली, हे येणं न्हाई. मग तिनं मला विचारलं की वरून खाली चालत मी किती वेळा आले. मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. दीड महिना मी तोच डोंगर चढत होते आणि उतरताना बटण दाबत होते. मायनं कपाळाला हात लावला. गणिताची मास्तरीण, असं काहीसं पुटपुटली.

तिचं म्हणणं सरळ होतं. चढताना माणूस पायाखाली बघतो आणि झाडाची एकच बाजू बघतो. सीताफळ मात्र पानाच्या आड, उलट्या अंगाला धरतं. म्हणून जाताना जेवढं दिसेल तेवढं तोडायचं आणि खरी तोडणी परतीच्या वाटेवर करायची. त्यासाठी चालत यायचं, सावकाश यायचं आणि चार पावलांवर थांबून मागं वळून बघायचं. "जाताना झाडाचं त्वांड दिसतं, येताना पाठ. फळ पाठीला असतंय."

मी पुन्हा कडा चढले आणि या वेळी चालत उतरले. तिसऱ्या वळणावर मायनं माझ्या दंडाला धरलं आणि थांब म्हणाली. मला काही दिसत नव्हतं. तिनं पडद्यावर बोट टेकवलं. दगडी पायरीच्या मागच्या खोबणीत वहीची लाल कड दिसत होती, एवढीशी. पायरी मी शंभर वेळा चढले असेन, पण चढताना ती खोबण दिसूच शकत नव्हती. सत्ताविसावी वही अशी सापडली. मी खुर्चीतून उठून मायला मिठी मारली. ती म्हणाली, पुरे, चहा ठिव.

तिथून आमच्या दुपारा बदलल्या. जेवण उरकलं की ती स्वतःच चष्मा पुसून खुर्ची ओढून बसायची. चालवायचं मी, बघायचं तिनं. माझे डोळे तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी तरुण, तरी दहातल्या सात वह्या तिनं आधी पाहिल्या. घाई केली की दटावायची. एखादी जागा न बघता पुढे गेले तर मागे फिरायला लावायची, आणि मीही, जी कुणाचं ऐकत नाही, निमूटपणे फिरायचे. एकदा दादाचा फोन आला. मायनं उचलला आणि ख्यालीखुशाली झाल्यावर त्याला अभिमानानं सांगितलं की आमच्या आता तीनच ऱ्हायल्यात. दादानं नंतर मला वेगळा फोन करून विचारलं की हिचं डोकं बरं आहे ना. मी म्हटलं, तुझ्या-माझ्यापेक्षा बरं आहे. तांदळातले खडे ती आता बघून काढत होती, हे त्याला सांगितलं नाही, कारण सांगताना मला रडू आलं असतं.

गणपतीच्या दिवसांत एकोणचाळिसावी निघाली. आणि त्यानंतर चारच दिवसांनी, भर दुपारी, झऱ्याच्या वरच्या कपारीतून उतरताना मायनं थांब म्हटलं. खडकाच्या भेगेत लाल कड. चाळिसावी. मी तिथं जाऊन उभी राहिले आणि उचलायचं बटण दाबणार, तेवढ्यात मायनं माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे ती."

मला वाटलं ती गंमत करते आहे. पण तिनं हात काढला नाही. शेवटचं तोडत नसत्यात, म्हणाली. मग मला लहानपणचं आठवलं. प्रत्येक झाडावर माय एक फळ ठेवायची, चांगलं, डोळे उघडलेलं. मी विचारलं की म्हणायची, ऱ्हाऊ दे. पाखरांसाठी असेल असं मी माझं मीच ठरवून टाकलं होतं.

मी चिडले. सहा महिने, एकही व्हिडिओ नाही, सरांची ती तिरकी नजर, आणि आता बोटभर अंतरावर चाळीस पूर्ण होत असताना ही बाई मला थांबवते! मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, माय, हा खेळ आहे, हे झाड नाही, इथं कुठलीही पाखरं खायला येणार नाहीत, आणि प्रत्येक गोष्टीत तुझा डोंगर आणू नकोस, तो बंद झाला आता.

तिनं माझ्या हातावरचा हात काढला.

"पाखरासाठी कुनी ठिवलंय?" ती म्हणाली. "आपुन परत यावं म्हनून ठिवत्यात. काय तरी ऱ्हायलं असलं तर डोंगर बोलवतो."

मग तिनं पाय मोडला त्या दिवसाचं सांगितलं. हे तिनं दादाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, कुणालाच नव्हतं. ओढ्याच्या वरचं मोठं झाड, त्या दिवशीचं शेवटचं. क्रेटचा वरचा थर एका फळानं कमी पडत होता. खाली रस्त्यावर बीडच्या बागवानांचा टेम्पो उभा होता. वीस वर्षं तेच तिचा माल उचलतात, तिला आपा म्हणतात. त्यांनी खालून ओरडून सांगितलं होतं, "रहने दो आपा, हो जाता." घाई त्यांना नव्हती, मायलाच थर भरलेला हवा होता. तिनं आकडी लावली आणि ठेवलेलं एकुलतं एक फळ ओढून घेतलं. दहा पावलं उतरली नसेल, पायाखालचा दगड निसटला.

"शेवटचं हाय हे ठावं हुतं मला. तरी घेतलं. सोताच्या हातानं झाड रिकामं केलं म्या. आता डोंगर कावून बोलवल मला?"

वर्षभर ती खाटेवर बसून हे एकटीच उगाळत होती. आम्ही घोट्याचं बघत होतो, डोळ्यांचं बघत होतो, दादा तिला डोंगर बंद म्हणून सांगत होता, आणि ती गप्प होती ती दादाचं पटलं म्हणून नव्हे. दादाच्या आधी तिनंच स्वतःला बंद केलं होतं. दगड निसटतो तो निसटतो, त्याचा फळाशी संबंध नाही, हे मला गणितानं सिद्ध करून दाखवता आलं असतं. पण मला माझ्या बोलण्याची लाज वाटत होती. मी वही न उचलता लॅपटॉप बंद केला.

त्या संध्याकाळी मी फळ्यावर एक उदाहरण चुकवलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं भीत भीत दाखवून दिलं. मी तिला शाबासकी दिली तेव्हा सगळा वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. स्टाफरूममध्ये सरांनी विचारलं, झाल्या का चाळीस? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, शेवटची फार अवघड आहे हो मॅडम, सांगू का कुठे आहे ते? मी म्हटलं, नको.

पुढच्या रविवारी मी रिक्षा बोलावली. रिक्षावाला आकडी बघून म्हणाला, बाई, हे कुठं मावायचं? ती आम्ही तिरकी घातली, अर्धी बाहेर. पालीच्या पुढे मायनं हात बाहेर काढून आकडी घट्ट धरली. घरी दादा कमरेवर हात ठेवून उभा. पाय पुन्हा घसरला तर जबाबदार कोण, असं त्यानं विचारलं. मी क्लासमधला आवाज काढून सांगितलं की मी. तो बाजूला झाला.

चढताना माय तीनदा बसली. घोट्याला हात लावून बघायची आणि उठायची. मी पाटी आणि आकडी घेऊन पुढे, ती काठी टेकत मागे. ओढ्याच्या वरच्या झाडाजवळ आलो तेव्हा ती लगेच वर बघेना. जमिनीकडे बघत उभी राहिली. मीच वर बघितलं आणि म्हटलं, माय, झाड भरलंय.

तेव्हा तिनं मान वर केली. किती तरी वेळ बघत होती. रडली वगैरे नाही. "लई धरलंय," एवढंच म्हणाली आणि पदर खोचला.

तिनं मला तोडायला लावलं. मी चढून, वाकून, आकडी लावून डोळे उघडलेली दिसली तेवढी सगळी काढली आणि झालं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, आता चार पावलं खाली उतर आन् वळ. मी उतरले, वळले, आणि मला काही दिसलं नाही. तिनं माझ्या हातातून आकडी घेतली. एक पानाआड, एक फांदीच्या बेचक्यात, दोन अगदी बुंध्याजवळ सावलीत, एक वर. पाच फळं तिनं आकडीच्या टोकानं दाखवली, चष्मा कपाळावर ढकललेला होता तरी. नजर गेली म्हणणारी माझी आई. मला त्या क्षणी सगळ्या डोंगराला ओरडून सांगावंसं वाटलं की ही माझी माय आहे. चार फळं मी काढली. पाचव्याला आकडी लावली आणि मग खाली घेतली. मायनं माझ्याकडे बघितलं नाही, पाटी उचलली. उतरताना ती माझ्या पुढे होती.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं की एकोणचाळीसवर थांबले. ते जिंकल्यासारखे हसले. मी म्हटलं, चाळिसावी झऱ्यावरच्या कपारीत आहे, खडकाच्या भेगेत, उतरतानाच दिसते. तुम्हाला व्हिडिओतून कळलं, आम्हाला दिसलं. त्यांना काही समजलं नाही. उचलत का नाही मग, त्यांनी विचारलं. घंटा झाली आणि मी वर्गावर गेले.

घरी आले तर माय खुर्ची ओढून बसलेली होती. घरभर पिकायला घातलेल्या सीताफळांचा वास. चालू कर, म्हणाली. मला वाटलं तिचं मन बदललं, आता म्हणेल घे उचलून. मी झऱ्यापर्यंत गेले, वर चढले, वळले. भेगेत लाल कड तशीच होती.

"हाय जाग्यावर," माय म्हणाली. "चल आता."

मी नकाशा उघडला नाही. आम्ही चालत परत आलो.